सौंदर्याची किंमत कोण मोजतं?

कलेने नीती सांभाळावी का, हा प्रश्न दर पिढीपुढे नव्याने उभा राहतो. इंग्लंडमध्ये राणी व्हिक्टोरियाच्या अखेरच्या तीस वर्षांत या प्रश्नावरून मासिकाचे अंक स्टॉलवरून उतरवले गेले, एक प्रकाशक तुरुंगात गेला आणि एका मोठ्या लेखकाची पुस्तकं भर न्यायालयात त्याच्याविरुद्ध वाचली गेली. महाराष्ट्रात हाच वाद पुढे ना. सी. फडके आणि वि. स. खांडेकर यांच्या नावांनी गाजला. नागपूरला तर व्हिक्टोरियाच्या काळाशी जवळचं नातं सांगता येतं. व्हिक्टोरिया भारताची सम्राज्ञी म्हणून जाहीर झाली त्याच दिवशी, १ जानेवारी १८७७ रोजी, जमशेदजी टाटांची एम्प्रेस मिल इथे सुरू झाली. १८८३ साली हिस्लॉप कॉलेज आलं, १८८५ साली मॉरिस कॉलेज. एकीकडे गिरणीचा भोंगा आणि दुसरीकडे इंग्रजी कवितेचा तास, असे दोन आवाज ऐकत या शहराचं साहित्य वाढलं.

पुढच्या संवादातली माणसं कल्पित आहेत, मतं मात्र नागपुरात नेहमी ऐकू येणारी आहेत. बाई धरमपेठेत राहतात. आयुष्यभर इंग्रजी साहित्य शिकवून निवृत्त झाल्या. वकील त्यांचा जुना विद्यार्थी. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात वकिली करतो आणि आंबेडकरी साहित्याच्या चळवळीत वाढलेला आहे.

चित्रावरचे डाग

बाई : तू दर वेळी समाजापासून सुरुवात करतोस, म्हणून आज मी पुस्तकापासून करते. जुलै १८९०. ‘लिपिन्कॉट्स’ मासिकात ऑस्कर वाइल्डची ‘द पिक्चर ऑफ डोरियन ग्रे’ छापून आली. एक देखणा तरुण तसाच तरुण राहतो आणि त्याचं चित्र म्हातारं होत जातं, विद्रूप होत जातं. लंडनच्या वर्तमानपत्रांनी गहजब केला. डब्ल्यू. एच. स्मिथने आपल्या स्टॉलवरून तो अंक काढून घेतला. वाइल्डचं उत्तर साधं होतं. पुस्तकाला नीतीचं माप लावूच नका, लेखन उतरलं आहे की नाही एवढंच बघा. मला आजही ते उत्तर पुरेसं वाटतं.

वकील : बाई, पण ती कादंबरी त्या उत्तराला जुमानते कुठे? डोरियनचं एकेक दुष्कृत्य त्या चित्रावर उमटत जातं. शेवटी तो चित्रावर सुरी चालवतो आणि स्वतःच मरतो. एवढी उघड नीतिकथा तर आमच्या शाळेच्या पुस्तकातही नव्हती.

बाई : ते वाइल्डलाही ठाऊक होतं. संपादकांना लिहिलेल्या पत्रांत त्याने सांगितलं आहे की या गोष्टीतलं तात्पर्य जरा जास्तच ठळक झालं आणि कलेच्या दृष्टीने तोच तिचा दोष. माझं म्हणणं यातूनच सिद्ध होतं. लेखकाने उपदेश करायचा म्हणून लेखणी उचलली नव्हती. त्याने माणूस शेवटपर्यंत पाहिला आणि त्या पाहण्यातून जे यायचं ते आलं. कलेला तिच्या वाटेने जाऊ द्या, सत्य तिला वाटेत भेटतंच.

वकील : मग १८९१ साली पुस्तक काढताना त्याने काय केलं, तेही सांगा ना. मासिकातली तेरा प्रकरणं वीस झाली. त्या भरीत एक नवा माणूस आला, जेम्स व्हेन. सिबिल व्हेन ही गरीब नटी डोरियनच्या प्रेमात पडते. प्रेमात पडल्यावर तिचा अभिनय फसतो, तेव्हा तो तिला झिडकारतो आणि ती जीव देते. मासिकातल्या कथेत तिचा विषय जवळपास तिथेच संपत होता. पुस्तकात तिला खलाशी भाऊ मिळाला आणि तो जाब विचारायला वर्षानुवर्षं डोरियनच्या मागे राहिला. कलेला कुणाचं काही देणं नाही असं प्रस्तावनेत म्हणणाऱ्या लेखकाने, त्याच पुस्तकात, हिशेब मागणारा माणूस उभा केला. ज्यांच्या जिवावर हे सगळं सौंदर्य चाललं होतं, त्या घरातलं कुणीतरी दाराशी आलं. मला वाइल्ड मोठा वाटतो तो यासाठी.

बाई : हे तू चांगलं टिपलंस. पण बघ, जेम्स व्हेन समाजसुधारक म्हणून येत नाही. तो भीती म्हणून येतो. हिवाळी काचघराच्या खिडकीत डोरियनला त्याचा चेहरा दिसतो आणि डोरियन बेशुद्ध पडतो. तो प्रसंग चांगला जमला आहे, म्हणून तुझा हिशेब वाचकाला भिडला. प्रसंग फसला असता तर हिशेब कितीही न्याय्य असो, कुणी वाचला नसता.

वकील : कबूल. पण ‘चांगला जमला’ म्हणजे काय, हे ठरवताना मी सिबिलला वगळणार नाही, एवढंच माझं म्हणणं.

गुरूची धास्ती

बाई : वाइल्डच्या आधी वॉल्टर पेटर. ऑक्सफर्डचा अबोल अध्यापक. १८७३ साली त्याने युरोपच्या प्रबोधनकाळावरचे निबंध छापले. आयुष्य क्षणाक्षणांनी निसटत असतं, तेव्हा प्रत्येक क्षण पूर्ण तीव्रतेने अनुभवणं हीच सार्थकता, असा त्याच्या समारोपाचा आशय. एका पिढीला या पानांनी वेड लावलं. ज्या काळात प्रत्येक गोष्टीला उपयोग विचारला जात होता, त्या काळात कुणीतरी म्हणालं की पाहणं हेच पुरेसं मोठं काम आहे. गिरण्या आणि धर्मोपदेश यांच्या मध्ये माणसाला श्वास घ्यायला जागा मिळाली. कलावादाचा हा उपकार तुम्ही लोक विसरता.

वकील : विसरत नाही. पण १८७७ च्या दुसऱ्या आवृत्तीत पेटरने तो समारोप स्वतःच गाळला. १८८८ साली थोडा बदलून परत घेतला आणि टीप दिली की काही तरुणांची यामुळे दिशाभूल होईल असं वाटल्याने तो वगळला होता. म्हणजे शब्दांचे परिणाम होतात ही जाणीव खुद्द सौंदर्यवादाच्या गुरूलाही होती. लेखकाने स्वतः केलेला असा विचार मला मोलाचा वाटतो. त्याच्यावर कुणी लादला असता तर मी पेटरच्या बाजूने उभा राहिलो असतो.

बाई : कुणी लादला नाही असं तू कसं म्हणतोस? विद्यापीठातल्या वरिष्ठांची नाराजी होती, चर्चमधून टीका होत होती. माणूस घाबरला. घाबरलेल्या माणसाने गाळलेली पानं ही नैतिक जाणीव कशी?

वकील : थोडी भीती, थोडी जाणीव. खऱ्या आयुष्यात दोन्ही एकत्रच येतात.

सेवाग्रामची भिंत

वकील : बाई, तुम्ही पेटर सांगितलात, मी त्याच काळातला कलासमीक्षक रस्किन सांगतो. ‘द स्टोन्स ऑफ व्हेनिस’मध्ये त्याने विचारलं की सुंदर इमारत घडवणाऱ्या कारागिराला त्या कामात आनंद होता का? त्याला नुसतं यंत्रासारखं राबवलं असेल तर त्या सौंदर्यात खोट आहे. सौंदर्याला हात कुणाचे लागले, हे विचारणारा तो माणूस. पुढे ‘अन्टु धिस लास्ट’मध्ये त्याने अर्थशास्त्रालाच नीतीचा प्रश्न विचारला. १९०४ साली ते पुस्तक गांधीजींनी जोहान्सबर्गहून दरबानला जाताना गाडीत वाचलं आणि आयुष्य बदललं. १९३६ साली ते सेगावला, म्हणजे आपल्या सेवाग्रामला राहायला आले. माती, बांबू, कवेलू. भिंतीवर मीराबहेननी मातीतच उठवलेली झाडं आणि चरखा. बापूकुटी बघून कुणाला सुंदर वाटली नाही, असा माणूस मला भेटलेला नाही. नीती आणि सौंदर्य एका भिंतीत मावतात, याचा पुरावा नागपूरपासून दोन तासांवर आहे.

बाई : बापूकुटी मलाही सुंदर वाटते. पण रस्किनची दुसरी बाजू सांगितल्याशिवाय तुला सोडणार नाही. चित्रकार व्हिस्लरने रात्रीच्या आकाशातली आतषबाजी रंगवली, तर रस्किनने त्याच्यावर जाहीरपणे असे कोरडे ओढले की व्हिस्लरला अब्रुनुकसानीचा दावा लावावा लागला. १८७८ साली तो जिंकला आणि भरपाई मिळाली एक फार्दिंग, म्हणजे पेनीचा चौथा भाग. खर्चाने त्याचं दिवाळं निघालं. आज ते चित्र आधुनिक कलेच्या इतिहासातलं महत्त्वाचं पान मानलं जातं. सौंदर्य आणि नीती एकत्र पाहणाऱ्या थोर माणसाला समोरचं नवं सौंदर्य दिसलंच नाही. नीतीची खात्री झाली की डोळे असे मिटतात. मला त्याचीच भीती वाटते.

वकील : ही भीती खरी आहे. चळवळीतही मी ती पाहिली आहे.

यमूचा आवाज

बाई : आता आपल्याकडे ये. डोरियन ग्रे आला त्याच १८९० साली हरिभाऊ आपट्यांनी पुण्यात ‘करमणूक’ सुरू केलं आणि त्यातून ‘पण लक्षात कोण घेतो?’ क्रमशः येऊ लागली. त्या वेळी लंडनमध्ये कलेला नीतीपासून सोडवण्याची धडपड चालली होती, पुण्यात कलेला समाजाच्या कामाला लावण्याची. तू म्हणशील, बघा, मराठी कादंबरीचा पायाच नैतिक आहे.

वकील : म्हणणारच. केशवपनाच्या क्रूरतेवर शेकडो व्याख्यानं झाली असतील, पण घराघरात ती पोचली यमूमुळे.

बाई : यमूमुळे, बरोबर. हरिभाऊंनी निबंध लिहिला नाही. त्यांनी एका मुलीला स्वतःच्या तोंडाने स्वतःची कहाणी सांगू दिली. तिची भाषा, तिचं खेळणं, तिच्या नवऱ्यावरचं तिचं प्रेम, हे सगळं आधी आपलंसं होतं. मग ते उद्ध्वस्त होतं आणि आपण हादरतो. ही किमया निवेदनाची आहे. आमच्या नागपूरच्या कुसुमावती देशपांडे इंग्रजी शिकवत आणि मराठी कादंबरीचा इतिहास लिहीत. १९५३ साली त्यांनी मराठी कादंबरीच्या पहिल्या शतकाचा आढावा घेतला. विषय थोर आहे म्हणून कादंबरी थोर, असा हिशेब गंभीर समीक्षेत कधीच चालत नाही.

वकील : पण पुढे फडके-खांडेकर वादात तोच हिशेब झाला. एकाने तंत्राचा झेंडा घेतला, दुसऱ्याने ध्येयाचा.

बाई : आणि दोघांचंही नुकसान झालं. फडक्यांची गोष्ट रेखीव झाली, पण तिच्यात माणूस विरळ होत गेला. खांडेकरांचं मन मोठं, पण सुभाषितं कथेच्या अंगावर चढून बसली. त्या वादात मला जवळचे वाटतात ते वामन मल्हार जोशी. १९३४ साली ‘इंदु काळे व सरला भोळे’ त्यांनी पत्रांतून लिहिली. कला आणि नीती यांचा झगडा पात्रांच्या हातात दिला. नीतिशास्त्रावर ग्रंथ लिहिलेला माणूस, पण कादंबरीत न्यायाधीश होऊन बसला नाही. वाइल्डनेही आपले कलाविचार संवादांतच मांडले होते. या प्रश्नाला एकट्याचा आवाज पुरत नाही, हे दोघांनी ओळखलं होतं.

राणीचा कायदा

बाई : आता तुझ्या कोर्टात येते. तू कलेला नैतिक प्रश्न विचार म्हणतोस. पण तो प्रश्न तुझ्या हातातून पोलिसांच्या हातात कधी जातो, हे कळतं का तुला? १८८९ साली हेन्री विझेटेली या म्हाताऱ्या प्रकाशकाला फ्रेंच लेखक झोलाच्या कादंबऱ्या इंग्रजीत छापल्या म्हणून तीन महिने कैद झाली. एप्रिल १८९५ मध्ये वाइल्डची उलटतपासणी घेताना प्रतिपक्षाचा वकील एडवर्ड कार्सनने डोरियन ग्रेची पानं वाचून दाखवली. पुढे २५ मे रोजी त्याला दोन वर्षांची सक्तमजुरी झाली. शिक्षा समलैंगिक संबंधांसाठी होती, पुस्तकासाठी नव्हती, पण पुस्तक साक्षीदार म्हणून उभं केलं गेलं होतं. १९०० साली पॅरिसमध्ये तो मेला, तेव्हा तो सेहेचाळीस वर्षांचा होता. कलेत नीती शोधणाऱ्यांची वाट इथपर्यंत येते.

वकील : बाई, ती वाट मी रोज बघतो, कारण ती संपलेली नाही. १८६८ साली हिकलिन खटल्यात इंग्लंडच्या न्यायाधीशांनी अश्लीलतेची कसोटी ठरवली. ज्यांची मनं वाईट गोष्टींना बळी पडू शकतात अशांच्या हाती पुस्तक गेलं, तर त्यांना बिघडवण्याकडे त्याचा कल आहे का? म्हणजे सर्वांत दुबळा वाचक धरायचा आणि त्याच्या मापाने सगळं साहित्य मोजायचं. भारतीय दंडविधान १८६० चं, कसोटी १८६८ ची. १९६४ साली ‘लेडी चॅटर्लीज लव्हर’च्या खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. २०१४ साली न्यायालयाने ती बाजूला ठेवून आजच्या समाजाचे मापदंड लावायचं ठरवलं. व्हिक्टोरिया गेल्यावर शंभराहून अधिक वर्षं तिचा कायदा मराठी लेखकाच्या डोक्यावर होता.

बाई : आणि मराठीत बळी कोण? मर्ढेकर.

वकील : ‘काही कविता’ १९४७ ची. अश्लीलतेचा खटला झाला, ते निर्दोष सुटले. पण ज्याने मराठी सौंदर्यशास्त्राला नवी दिशा दिली त्याला आरोपी म्हणून उभं राहावं लागलं. चंद्रकांत काकोडकरांची ‘शामा’ ही कथा ‘रंभा’च्या १९६२ च्या दिवाळी अंकात आली. उच्च न्यायालयाने दोषी धरलं आणि १९६९ साली सर्वोच्च न्यायालयाने सोडलं. ‘सखाराम बाइंडर’साठी कमलाकर सारंगांना न्यायालयात जावं लागलं. महेश एलकुंचवारांच्या ‘वासनाकांड’साठी अमोल पालेकरांना. आणि हे जुनं झालं असं समजू नका. वसंत दत्तात्रेय गुर्जरांची गांधीजींवरची कविता १९९४ साली बँक कर्मचाऱ्यांच्या एका अंकात छापली गेली. २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने प्रकाशकाला मोकळं केलं, पण कवीवरचा खटला चालू द्यायला सांगितलं.

बाई : मग तू कुणाच्या बाजूने?

वकील : कवीच्या. बिनशर्त. कविता मला आवडो न आवडो. १९३४ साली बाबासाहेबांनी र. धों. कर्व्यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ची बाजू कोर्टात मांडली होती. संततिनियमन आणि लैंगिक शिक्षण याबद्दल लिहिणाऱ्या माणसाला अश्लील ठरवलं जात होतं. खटला हरले, पण कुठे उभं राहायचं ते दाखवून गेले. म्हणून मी शिक्षा आणि निवाडा वेगळे धरतो. शिक्षा सरकार करतं. कलाकृतीबाबत तो अधिकार मी सरकारला देत नाही. निवाडा वाचक करतो. तो अधिकार मी कुणालाही काढून घेऊ देणार नाही, तुम्हालासुद्धा. वाइल्डला तुरुंगात टाकणारे चुकले, म्हणून वाइल्डला प्रश्न विचारणारेही चुकले, असं होत नाही.

बाई : हा भेद मला मान्य आहे. आमच्या पिढीत तो इतक्या स्वच्छपणे कुणी केला नाही. कलेच्या बाजूने बोलताना आम्ही पोलिसाला हाकलता हाकलता वाचकालाही हाकललं.

एकाच शहरातले दोन कवी

वकील : आता नागपूर. मी शिकत होतो तेव्हा मित्रांमध्ये दोन तट होते. एक ग्रेसांच्या ‘संध्याकाळच्या कविता’ पाठ म्हणणारा, दुसरा शरच्चंद्र मुक्तिबोधांची ‘नवी मळवाट’ वाचणारा. दोघंही याच शहरात राहिले, दोघांनीही इथे मराठी शिकवलं. ग्रेसांची ओळ कानात राहते, दिवसभर सोडत नाही. पण मला त्यांच्या कवितेत दुःख सापडतं, दुःख देणारा सापडत नाही.

बाई : दुःख देणारा दर वेळी कुणी माणूस असतो का? आई जाते, संध्याकाळ होते, शरीर थकतं. या दुःखाला आरोपी नसतो. ग्रेसांनी त्याला भाषा दिली. ज्याला रात्री झोप येत नाही त्याच्यासाठी ती कविता ‘निरुपयोगी सौंदर्य’ नसते. आयुष्यभर त्यांना दुर्बोध म्हणून हिणवलं गेलं, त्यांनी कवितेत एक अक्षर सोपं केलं नाही. साहित्य अकादमी २०११ साली मिळाली, पुढच्या वर्षी ते गेले. कलावंताचं हे इमान मला नीतीच वाटतं.

वकील : तसं असेल तर आपलं भांडण संपत आलं. कारण मुक्तिबोध तेच म्हणत होते. ते मार्क्सवादी, पण पक्षाची घोषणा म्हणजे साहित्य असं त्यांनी कधी मानलं नाही. ‘सृष्टी, सौंदर्य आणि साहित्यमूल्य’ या ग्रंथात त्यांनी मानुषता साहित्याच्या मूल्याच्या केंद्रस्थानी ठेवली. कलाकृतीत माणूस किती समग्र, किती खरा पाहिला गेला, हे पाहायचं. १९७९ साली त्या ग्रंथाला साहित्य अकादमी मिळाली. या मापाने ग्रेसही उतरतात आणि ‘गोलपिठा’ही उतरतो.

बाई : ‘गोलपिठा’चं नाव काढलंस म्हणून विचारते. १९७२ साली नामदेव ढसाळांचा तो संग्रह आला तेव्हा सुसंस्कृत घरांत तो हाती धरवत नव्हता. तो थोर आहे तो विषयामुळे की भाषेमुळे?

वकील : भाषेमुळे. पण ती भाषा ऐकायला कान तयार नव्हते, कारण सुंदर काय हे एका विशिष्ट वर्गाने आधीच ठरवून ठेवलं होतं. पेटर वाचून घडलेल्या रसिकाला ‘गोलपिठा’तलं सौंदर्य एकट्याने सापडलं नसतं. त्यासाठी त्याला आधी मान्य करावं लागलं असतं की कामाठीपुऱ्यातला माणूस पूर्ण माणूस आहे. ही मान्यता नैतिक आहे. ती आली तेव्हा सौंदर्य दिसलं. शरणकुमार लिंबाळ्यांनी १९९६ साली दलित साहित्याचं सौंदर्यशास्त्र मांडलं, ते याचसाठी.

बाई : मग १९७३ चं ‘गार्बो’ घे. एलकुंचवार आमच्या धरमपेठेतले, इंग्रजी शिकवणारे. एक नटी आणि तिच्याभोवतीचे पुरुष. प्रत्येकाला आपलं रितेपण तिच्यातून भरून घ्यायचं आहे. तिच्या पोटातल्या जिवातसुद्धा त्यांना आपल्या सर्जनाची आशा दिसते. ती माणूस म्हणून कुणाला दिसत नाही आणि शेवटी तिच्याच जिवावर बेततं. त्या काळी लोकांना नाटकातली भाषा अश्लील वाटली. मला वाटलं, सिबिल व्हेन ऐंशी वर्षांनी मराठीत आली आणि या वेळी ती गप्प बसली नाही.

वकील : बाई, आता तुम्ही माझी बाजू मांडताय.

बाई : मांडते, कारण नाटक उत्तम आहे. लेखकाने कुणाला शिकवलेलं नाही, तरी त्या पुरुषांची क्रूरता लपत नाही.

वकील : एक शेवटचं. २०२१ साली कवी यशवंत मनोहरांनी विदर्भ साहित्य संघाचा जीवनव्रती पुरस्कार नाकारला, मंचावर सरस्वतीची प्रतिमा असणार होती म्हणून. तुम्हाला ते रुचलं नव्हतं.

बाई : नव्हतं रुचलं. माझ्यासाठी ती प्रतिमा विद्येची आहे, वीणेची आहे. पण ज्याच्या पूर्वजांना विद्या नाकारली गेली त्याला त्याच प्रतिमेत बंद दार दिसू शकतं, हे मी समजू शकते. आणि एक गोष्ट मला आवडली. त्यांनी प्रतिमा हटवा, बंदी घाला, असा मोर्चा काढला नाही. स्वतः सन्मान सोडला. नैतिक भूमिकेची किंमत स्वतः मोजली, दुसऱ्यावर टाकली नाही.

वकील : मग आपलं एकमत झालं का?

बाई : नाही. मी अजूनही आधी ओळ वाचते, मग माणूस. तू आधी माणूस बघतोस, मग ओळ. पण दोन्ही वाचल्याशिवाय पुस्तक मिटायचं नाही, इतकं ठरलं.

निवाडा

हा संवाद लिहिताना माझं मत लपवून ठेवण्याचं कारण नाही. कलेत नीती असते, पण ती विषयात नसते. वेश्या, व्यभिचार, हिंसा किंवा निराशा हे विषय आले म्हणून कृती अनैतिक होत नाही आणि त्याग, देशप्रेम, समता आली म्हणून ती थोर होत नाही. कृती खोटी पडते ती लेखकाने कुणाला तरी अर्धवट पाहिलं म्हणून. एखाद्या पात्राला शोभेची वस्तू केलं, एखाद्याच्या वेदनेवर आपलं लालित्य उभारलं आणि त्याचं नावही घेतलं नाही, तर ती चूक नीतीची असते आणि कलेचीही. व्हिक्टोरियन काळातल्या दोन्ही पक्षांनी या चुकीच्या वेगवेगळ्या अर्ध्या भागांवर बोट ठेवलं होतं. सौंदर्यवाद्यांना उपदेशातला खोटेपणा दिसला, रस्किनला सौंदर्यामागचे राबणारे हात दिसले. मराठीत हरिभाऊ, ढसाळ, मुक्तिबोध, ग्रेस आणि एलकुंचवार यांनी आपापल्या रीतीने हे दोन अर्धे जोडले आहेत.

आणि हा निवाडा करण्याचं काम पोलीस ठाण्याचं नाही, परिनिरीक्षण मंडळाचं नाही, जमावाचंही नाही. ते वाचकाचं आहे आणि ते टाळण्याची सोय वाचकाला नाही. म्हणून एक विनंती. यापुढे एखाद्या पुस्तकावर, कवितेवर, नाटकावर बंदी घाला अशी हाक कानी आली, तर सही करण्याआधी ती कृती मुळातून पूर्ण वाचा. आवडली नाही तर तसं लिहा, बोला, वाद घाला. पण लेखकाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करणाऱ्यांच्या रांगेत उभे राहू नका.